नखानं न सुटणारी गाठ

जमलेल्या बायांनो, दादांनो, मंजुळामावशींच्या गावाहून आलेल्या मंडळींनो, आणि हरेश, बाळा,

मला भाषण येत नाही. मला हिशेब येतो. आमच्या भजनी मंडळाच्या पैशाची पेटी माझ्याकडं असते. मघाशी मंडळातल्या अलकानं माइक हातात दिला तेव्हा तोंडात पहिलं काय आलं, तर आज काय काय आलं तेच. तेवढं सांगितल्याशिवाय माझी जीभ पुढं वळायची नाही, म्हणून सांगून टाकते. तसबिरीचा हार, तीनशे रुपये. सुटी फुलं, साठ. उदबत्ती घरची. चहाचं दूध तबेलेवाल्यांनी पाठवलं, पैसे घेतले नाहीत. आणि काल दुपारी टपालानं एक पुडकं आलं. नाव मंजुळामावशींचं, पत्ता माझा, कारण पोस्टमन गावात यायचा तेव्हा मावशी नेमक्या मळ्यात असायच्या. वर लिहिलेलं, आत गिनी गवताचं, म्हणजे चाऱ्याच्या गवताचं, बी. किलोभर. टपालखर्च धरून नऊशे रुपये, मावशींनी आधीच भरलेले.

माणूस गेलं, आणि त्यानं मागवलेलं बी मागाहून आलं.

ते पुडकं मी तसबिरीपुढं ठेवलंय. अलका, तो प्रसाद नव्हे, हात लावू नकोस. त्या पुडक्यानं माझी झोप घालवलीय. रडू आहेच. पण रडण्यापेक्षा काळजी जास्त आहे, हे इथं उभं राहून सांगायची मला लाज वाटते, तरी सांगते. मावशींच्या मागं काय होणार, ही काळजी. त्या जमिनीचं काय होणार?

काही जणांना मावशी नुसत्या भाजीवाल्या म्हणून ठाऊक असतील. तळोज्याच्या अलीकडं त्यांचं गाव. त्यांच्या सासऱ्यांची बाकीची जमीन कधीच गेली, उंचावरचा एक तुकडा राहिला. भात न होणारा, वरकस. वीस गुंठे. त्यावर मावशी वांगी, भेंडी, टोमॅटो करायच्या आणि सकाळी इथं कामोठ्यात, याच मंदिराच्या पायरीपाशी, पाटी घेऊन बसायच्या. मी पहिल्यांदा भाव विचारला तो दिवस मला आठवतो.

मी म्हटलं, "पाव किलो भेंडी दहाला द्या."

मावशी म्हणाल्या, "दहाला बघून घे. खायला पंधरा."

मी तशीच पुढं गेले. परत आले. पंधरा दिले. एका नव्या पैशासाठी गल्ली पालथी घालणारी बाई मी, पण त्यांच्यापुढं माझं कधी चाललं नाही. मग ओळख वाढली. त्या भजनाला येऊन बसू लागल्या. आगरी चालीत गायच्या, टाळ मात्र आमच्यापेक्षा नीट धरायच्या. आमच्या मंडळातल्या आम्ही सगळ्या साताऱ्याकडच्या. घरातली माणसं भाजीच्या मोठ्या मार्केटला कामाला, आणि हाताला माती लागून वर्षं झालेली. एकदा मावशी म्हणाल्या, "माजे गुडघे गेले गो. तुमी या मल्यात. राबा माज्याबरोबर, पिकंल त्यातलं न्या." आम्ही गेलो. अलका तर पहिल्या दिवशी बांधावर बसून रडली, आईच्या शेताचा वास येतो म्हणून.

आणि त्याच वर्षी वांगी बसली.

बसली म्हणजे कशी? सकाळी ताठ, दुपारी माना टाकलेल्या, संध्याकाळी परत ताठ. पाणी कमी म्हणून पाणी वाढवलं. खत कमी म्हणून खत घातलं. पानं पिवळी. वांगी सुपारीएवढी. शेवटी मावशींनी एक झाड उपटलं. मुळं कसली ती, आल्याची बोटं! गाठीच गाठी. आणि मंडळी, आम्ही काय केलं असेल? आम्ही टाळ्या वाजवल्या.

हसा, हसा. अलका, तूच सांगत होतीस ना, "अहो मावशी, गाठी चांगल्या असतात! आमच्याकडं घेवड्याला येतात, सोयाबीनला येतात. जेवढ्या गाठी तेवढं जमिनीला खत!" आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. आम्हाला गाठ म्हणजे तीच ठाऊक. मावशींचा चेहरा उजळला. "मंग पानी कमी पडतंय," म्हणाल्या. आणि आजारी झाडांना आणखी पाणी. पाण्याबरोबर रोग साऱ्या वाफ्यांतून फिरला.

पुढं शेतीखात्याचे एक साहेब गावात आले होते. मावशींनी त्यांना हाताला धरून बांधावर नेलं. त्यांनी मूळ धुतलं आणि मला म्हणाले, "ताई, नखानं काढून बघा ही गाठ." मी टोकरलं. सुटेना. साल निघाली, गाठ निघेना. मग त्यांनी बांधावरची चवळी उपटली. तिची गाठ नख लावताच टपकन सुटली. साहेब म्हणाले, "सुटते ती झाडाच्या कामाची. सुटत नाही, ती गाठच नव्हे, ते मूळच सुजलंय. आत किडा आहे." डोळ्याला दिसत नाही इतका बारीक, दोऱ्यासारखा. सूत्रकृमी म्हणतात. मार्केटमधली आमची माणसं निमॅटोड म्हणतात, कारण गावाकडून फोन येतात तेव्हा तेच कानावर पडतं.

मावशी म्हणाल्या, "नावातच दोरा हाय, तो गाठ मारनारच."

साहेबांनी औषधं सांगितली, त्यांचा खर्चही सांगितला. आणि एक बिनऔषधाचा उपाय सांगितला. हा किडा वांग्याच्या, टोमॅटोच्या, भेंडीच्या मुळात शिरतो आणि तिथं संसार मांडतो. पोट भरतो, अंडी घालतो. काही चाऱ्याची गवतं अशी आहेत, की त्यांच्या मुळांत त्याला ते जमत नाही. पोट भरत नाही, पोरं होत नाहीत. म्हणून ते गवत लावायचं, दाट लावायचं, आणि दुसरं काही लावायचं नाही. खायला नाही म्हणून किडा हळूहळू संपत जातो. सगळा जात नाही, असं साहेब स्पष्ट म्हणाले. पण इतका कमी होतो की भाजी तगते.

मावशींनी एकच विचारलं, "म्हंजे त्याला उपाशी ठेवायचा?"

"हो."

"किती दिस?"

"दिवस नाही, मावशी. वर्षं. दोन, कदाचित तीन. मुळं बघून ठरवायचं."

परतताना अलका म्हणाली, "किड्याची एकादशी, आणि आपलीपण." ते खरं होतं. भाजीचे पैसे येत होते ते बंद होणार. गवत तबेल्याला जाईल, त्याचे पैसे येतील, पण भेंडीचा भाव गवताला नाही. मीच मावशींना म्हटलं, "अर्ध्यात गवत करा, अर्ध्यात भाजी." त्या म्हणाल्या, "अर्धा उपास कोन करतंय गो तुज्या घरी?"

बियाण्यावरूनही आमचं वाजलं. तबेलेवाले गवताचे ठोंब फुकट देत होते, उपटून लावायचे की झालं. मी म्हटलं, फुकट मिळतंय तर बी कशाला विकत? मावशी म्हणाल्या, "ठोंबाबरोबर माती येते. मातीबरोबर पावने येतात. मना पावने नकोत." बी विकत आणलं. मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही.

गवत उगवलं आणि मग आमचं हसं झालं. कारण आम्ही गवताची निंदणी करायला बसलो. जाणारे-येणारे थांबून बघायचे. "ओ मावशी, गवतातून काय काढता, गवत?" हो, गवतातून तण. रानमाठ, केना, जे म्हणून रुंद पानाचं उगवेल ते सगळं. त्या तणांच्या मुळात किडा जगतो. एक झाड राहिलं तरी त्याचा उपास मोडला. भर पावसात आमच्या बाया गवतात बसून पान बघून बघून तण वेचायच्या. भाजी असती तर लोक म्हणाले असते, केवढं कष्टानं करतात. गवतात बसलेल्या बायांना लोक काय म्हणतात? रिकामटेकड्या.

आणि चपला. बांधावर फळी टाकली होती, तिथं चपला काढायच्या आणि आत अनवाणी. बाहेरच्या मळ्यातली माती पायाला लागून आत यायला नको. खुरपीसुद्धा धुऊन. मला ते देवळासारखं वाटायचं. आज तुम्ही सगळ्यांनी खाली चपला काढल्यात ना, त्यांची रांग बघूनच मला भरून आलं.

आता तुळशीचं सांगते, आणि मग मुद्द्यावर येते.

दुसऱ्या पावसाळ्यात गवतात एक तुळस उगवली. आपोआप. मंजिऱ्या आलेली, गुडघ्याएवढी. मी हात जोडले. मावशी खुरपं घेऊन आल्या. मी त्यांच्या आडवी झाले.

"मावशी, ही राहू द्या. आपोआप आलीय. खूण आहे."

"आपोआप नाय गो. तुमी बांधावर निर्माल्य टाकता, त्यातनं आली."

"तरी तुळस आहे."

"तुलसच हाय. पन पान रुंद हाय तिचं. तुज्या तुलशीनं त्याचा उपास सोडलाय."

मी म्हटलं, "आज द्वादशी आहे. आज तुळशीला हात लावत नाहीत."

मावशींनी खुरपं खाली ठेवलं. खरंच ठेवलं. म्हणाल्या, "बरं. आज त्याचं पारनं होऊन जाऊ दे. उद्या काढू." दुसऱ्या दिवशी त्यांनी आधी तुळशीला पाणी घातलं, हळदकुंकू वाहिलं, माझ्याकडं बघितलं, मी मान हलवली, आणि मग उपटली. मुळं वर आली. तुळशीच्या मुळाला गाठी. ओळीनं, जपाच्या माळेसारख्या. मी नख लावून बघितलं. एकही सुटेना.

जिथून असं गाठीचं झाड काढलं त्या खड्ड्यात मावशी माती लोटायच्या आणि वर नारळाची करवंटी पालथी घालायच्या, कुणाच्या पायानं ती माती पसरू नये म्हणून. बाकीची तणं घमेल्यात जाळून टाकायच्या. तुळशीचं मूळ मी मागून घेतलं. तुळस जाळतात का? धुऊन, कडकडीत वाळवून मी ते घरी देव्हाऱ्याशेजारी ठेवलं. देवाला रोज दाखवायची, बघ, तुझ्या लाडकीलासुद्धा सोडलं नाही त्यानं.

अशी दोन वर्षं गेली. होळीला मावशी म्हणाल्या, अर्ध्या तुकड्यातलं गवत काढू, या पावसाळ्यात तिथं भेंडी करून बघू. आम्ही सगळ्या किती आनंदलो! अलकानं तर बी घेऊन ठेवलं. पण मावशी घाई करणाऱ्या नव्हत्या. त्यांनी मोकळ्या केलेल्या अर्ध्यात, विहिरीच्या अंगाला, टोमॅटोची पाच रोपं लावली. "हे माजे साक्षीदार," म्हणाल्या. टोमॅटोला हा किडा पहिला धरतो. फुलं आली की रोपं उपटायची आणि मुळं बघायची. साक्षीदार स्वच्छ निघाले तर भेंडी. नाही तर नाही.

गेल्या महिन्यात, शेवटच्या भजनाला, अलकानं विचारलं, "मावशी, भेंडीचं बी भिजवायचं कधी?" मावशी हसल्या. "भिजवशील गो. घाई काय हाय?" एवढंच. पुढच्या आठवड्यात सकाळी पंप लावायला गेल्या, विहिरीच्या कठड्यावर टेकल्या, आणि तिथून उठल्याच नाहीत.

काल ते पुडकं आलं तेव्हा मला काही उमजेना. भेंडी करायची होती तर गवताचं बी कशाला? आहे ते गवत तर दरवर्षी फुटतंच, त्याला बी लागत नाही. मग हे किलोभर कुठं पेरायचं होतं? मनात नको नको ते येऊ लागलं. आज सकाळी पूजा आटोपली आणि पहिली रिक्षा करून मळ्यात गेले. रिक्षा केली, यावरून समजा माझी काय अवस्था होती. फळीवर चपला काढल्या. साक्षीदारांना फुलं आली होती. मोजले. चार.

पाचव्या जागी करवंटी पालथी होती.

मावशींनी एक उपटून बघितलं होतं. आम्हाला न सांगता. बघितलं, आणि गवताचं बी मागवलं. अलका भेंडीचं विचारत होती तेव्हा त्यांना ठाऊक होतं, आणि त्या हसल्या. आमची दोन वर्षं गेली होती, आम्ही मोहरून बसलो होतो, आम्हाला कसं सांगावं हे शोधत असतील. आम्ही सोडून जाऊ अशी भीती वाटली असेल का त्यांना? मावशी, आम्ही असं कधी वागलो होतो का तुमच्याशी? की वागलो होतो?

मी दुसरं रोप उपटलं. बादलीत धुतलं. मूळ पांढरं, केसाळ, छान. एकदम हायसं वाटलं. मग बोटं फिरवली. एक गाठ लागली. मोहरीएवढी. आणखी एक. खाली आणखी एक. नख लावलं. नाही सुटली.

तीन. पूर्वी आल्याची बोटं होती, आता मोहरीएवढ्या तीन. याचा अर्थ काय? मी दहावी पास बाई, मला छातीठोक सांगता येत नाही. मी वाचते ते असं: उपास लागू पडतोय, पण पारण्याची वेळ झालेली नाही. आता भेंडी लावली तर त्या तिनाच्या तीनशे होतील आणि दोन वर्षांचं निंदणं पाण्यात जाईल. मोकळ्या केलेल्या अर्ध्यात या पावसाळ्यात परत गवत पेरायचं, हे मावशींनी ठरवलं होतं. ठरवलं होतंच ना? की मीच पुडक्यावरून मनानं काही जुळवतेय? सकाळपासून मी हेच स्वतःला विचारतेय. पण करवंटी तिथं आहे. बी इथं आहे. यापेक्षा जास्त त्या काय सांगणार होत्या?

बायांनो, म्हणजे आणखी एक वर्ष भाजी नाही. हे मी शोकसभेत सांगतेय, मला माफ करा. बाहेर सांगितलं असतं तर तुम्ही भांडला असता. इथं मावशींच्या तसबिरीपुढं कुणी भांडणार नाही, एवढी चलाखी मी केलीय. अलका डोळे पुसतेय की माझ्यावर वटारतेय ते मला इथून दिसत नाही. अलका, भेंडीचं बी कोरड्या डब्यात ठेव. टिकतं वर्षभर.

पण आम्ही हो म्हणून काय होणार? जमीन आता तुझी आहे, हरेश.

तू बडोद्याला नोकरीला. आईचं कार्य आटोपलं की जाशील. परवा घरी कंटेनरवाले भेटायला आले होते, ते आम्ही बघितलं. चांगली माणसं असतील. भराव टाकू, खडी टाकू, गाड्या लावू, महिन्याला भाडं देऊ म्हणाले. आणि एक शब्द बोलले तो माझ्या कानात रुतून बसलाय. म्हणाले, "तसाही प्लॉट पडीकच आहे, गवत वाढलंय."

पडीक! बाळा, ते गवत वाढलेलं नाही, ते वाढवलेलं आहे. तुझ्या आईनं गुडघ्यांवर हात टेकून त्यातलं पानन् पान बघितलंय. ज्या जमिनीत ती स्वतःच्या चपला नेत नव्हती, तिथं ट्रेलरची चाकं जाणार? मी तुला दोष देत नाही. तुझा संसार आहे, पोरांच्या फिया आहेत, भाडं कुणाला नको असतं? मी तुझ्या जागी असते तर मीसुद्धा आकडा मांडून बघितला असता. मांडून बघ. मी नको म्हणत नाही. पण आकड्याच्या शेजारी हे मूळसुद्धा ठेवून बघ.

मघाशी जिन्यात तू मला म्हणालास, "काकू, मी फोनवर सांगतो." तुझी आई काय म्हणायची ठाऊक आहे? "फोनवर पोरगा हो आई, बघू आई करतो. फोन ठेवला की हो पन गेलं नि बघू पन गेलं." हसलास ना? तिलासुद्धा हसूच यायचं. म्हणून मी हे पोस्टकार्ड आणलंय. त्यावर माझा पत्ता लिहून ठेवलाय, तुला तोही त्रास नको. बायकोशी बोल. शांतपणे ठरव. कागदावर लिहिताना माणूस एकदा थांबतो, तेवढं थांबणं मला हवंय. फार लिहू नकोस. गवत राहू दे, असं लिही, किंवा नको लिही. नको लिहिलंस तर आम्ही उरलेले साक्षीदार उपटू, फळी उचलू आणि जमीन तुझ्या ताब्यात देऊ. तुझ्याबद्दल वाकडा शब्द काढणार नाही. हो लिहिलंस तर मृगाला हे बी त्या अर्ध्यात पडेल, आणि पुढच्या वर्षी साक्षीदार मी लावीन. तुझ्या हातानं उपटायला तू ये. मावशी गेल्यावर तो मान तुझा.

आता सगळ्यांनी उभं राहू या. गुडघे दुखतात त्यांनी बसून राहा, मावशींचेही दुखायचे.

दोन मिनिटं आपण काही बोलायचं नाही. तेवढ्यात मी दोन मुळं फिरवते. एक तुळशीचं, गेल्या वर्षीचं, माझ्या देव्हाऱ्याजवळचं. दुसरं आज सकाळचं टोमॅटोचं. दोन्ही धुतलेली आहेत, मातीचा कण नाही, भिऊ नका. डोळे मिटा. आधी तुळशीचं घ्या, बोटांनी मणी लागतील. मग टोमॅटोचं घ्या. मणी शोधावे लागतील. सापडला तर नख लावून बघा. मावशींची मेहनत त्या दोन मुळांच्या मधे आहे. हरेश, तुझ्याकडं शेवटी येतील. तू घाई करू नकोस.

मंजुळामावशी, तुमचं पुडकं पोचलं. जसंच्या तसं आहे, बांधलेलं. तुम्हाला आम्हा सगळ्या बायांचा नमस्कार.

आणि हरेश, बाळा, उलट टपाली कळव. मृग जवळ आलाय.